जाऊबाई, रेडिओमार्फत

आमच्या ओट्यावर तिघं बसतात. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी थोरली जाऊ आणि मधल्या कोनाड्यात रेडिओ. मी आणि जाऊबाई एकमेकींशी बोलत नव्हतो. म्हणजे बोलायचो खूप, पण रेडिओशी.

वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी मळा वाटून घेतला, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवल्या, म्हशी इकडच्या तिकडच्या केल्या. रेडिओ काही कापता येईना. मग सासऱ्यांनी तो दोन्ही घरांच्या सामाईक ओट्यावर मधोमध ठेवला आणि बजावलं, याला कुणी आत न्यायचं नाही. तो रेडिओ केव्हाच मोडीत गेला, त्याच्यानंतरचेही गेले. आताचा माझ्या नातीने आणलाय, काळा, विटेएवढा. त्याची तार शेवग्याच्या फांदीला बांधली आहे. पण जागा तीच, आणि लागतं तेही तेच, दिल्लीहून सगळ्या देशाला ऐकू जाणारं बोलकं केंद्र. तिथे गाणी कमी आणि बोलणं फार. आम्हाला गाण्यांचं वावडं नाही, पण गाणं चालू असताना मधे तोंड घालायला जीव धजत नाही. बोलणाऱ्याच्या मधे मात्र खुशाल बोलता येतं.

हा अबोला कसा सुरू झाला ते सांगून टाकते. त्यात माझी जी शोभा झाली ती आख्ख्या मखमलाबाद रोडला माहीत आहे, तुमच्यापासून कशाला लपवू? मी नवी सून, मॅट्रिक झालेली. घरात हिंदी कळणारी मी एकटीच, असा माझाच समज. संध्याकाळी बातम्या लागल्या की सगळं घर माझ्या तोंडाकडे बघायचं आणि मी पदर सावरून, घसा खाकरून, दिल्लीत काय चाललंय ते मराठीत सांगायचे. कळलेलं हळू सांगायचे, न कळलेलं जोरात. आज तशी पोरगी माझ्यासमोर आली तर मी तिला आधी पाणी प्यायला देईन आणि मग गप्प बसायला सांगेन.

एका दसऱ्याच्या तोंडावर हवामानाच्या बातमीत ऐकलं की महाराष्ट्रात जोराचा पाऊस होणार. मी लगेच फर्मान काढलं, झेंडू आजच्या आज तोडा. जाऊबाई कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत म्हणाली की महाराष्ट्र लय मोठा हाय, जरा दम धरावा. त्यावर मी मान उडवून विचारलं, "सरकार खोटं बोलतं का, बाई?" सगळ्या घराने झेंडू तोडला. पाऊस झाला, नाही असं नाही. तो कोकणात झाला. आमच्याकडे असं लख्ख ऊन पडलं की पोत्यांत भरलेला झेंडू आतल्या आत तापून मऊ पडला. दसऱ्याच्या सकाळी फुलबाजारात आमचा माल कुणी हातात धरेना. आणि जाऊबाई तिथेच, भर बाजारात, पोट धरून हसली. आमच्या धाकटीला नाशकात बसून दिल्लीचं आभाळ दिसतं, असं येईल त्या गिऱ्हाईकाला सांगत सुटली.

मी अबोला धरला. मला वाटलं, दोन दिवसांत येईल समजूत काढायला. तिला वाटलं, मी येईन. तेव्हा माझ्या पोटात होता तो मुलगा आता चाळिशीचा चष्मा लावतो.

यात वैर मात्र नव्हतं हो. माझी बाळंतपणं तिने केली. तिच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा तिला न्हाऊ-माखू मी घातलं. अबोल्याचे नियम ठरलेले होते. डोळ्याला डोळा द्यायचा नाही आणि तू-तुम्ही म्हणायचं नाही. एवढं पाळलं की बाकी सगळ्याला मोकळीक. ती रेडिओकडे बघून म्हणायची, बाबा रे, कुणाचं तरी दूध उतू चाललंय. मी पळायचे. मी म्हणायचे, बाबा, मुळ्याचा पाला कुणाला हवा असला तर टोपलीत ठेवलाय. टोपली रिकामी व्हायची. तिकडे दिल्लीचा माणूस संसदेत आज काय झालं ते सांगत असायचा. त्या बापड्याला काय ठाऊक, त्याच्या आवाजाच्या पाठीवर बसून इथे मुळ्याचा पाला चाललाय.

आमच्या वस्तीची आणखी एक रीत सांगायला हवी. इथे दिवसाउजेडी रेडिओ बंद झाला की समजायचं, त्या घरात कुणीतरी गेलं. आम्हा दोघींचे मालक आता भिंतीवर शेजारी शेजारी फोटोत बसलेत. ते गेले तेव्हा सुतक फिटेपर्यंत कोनाडा गप्प होता. निरोप्या पाठवायची गरजच पडली नाही. बांधापलीकडच्या लोकांनी शांतता ऐकली आणि हातातली कामं टाकून आले. माझ्या सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं माहेर नामपूरकडचं, ती या घरात आली ती दोघे मालक गेल्यानंतर, आणि तिच्या पिढीला रेडिओ म्हणजे म्हातारीचं खेळणं. मलाही कधी सांगावंसं वाटलं नाही. असल्या गोष्टी काय सांगायच्या, त्या कळतात, असं मी धरून चालले होते.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेवंती भरात आली होती. जाऊबाईला ओट्याच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला. तिने रेडिओला सांगितलं की पायऱ्या उंच झाल्यात. मी रेडिओला सांगितलं की पायऱ्या उंच होत नसतात, डॉक्टरला दाखवावं. पुतण्याने, म्हणजे तिच्या मुलाने, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊन दाखवलं. हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढायचा, एखादी अडलेली असली तर तिथल्या तिथे फुगा घालून उघडायची, आणि तसं जमलं नाही तर छाती उघडावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. हे तो माझ्या सुनेला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होता. मी शेजारच्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन ऐकलं. सोंग घेण्यात मी लहानपणापासून हुशार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. जाऊबाईने येवल्याच्या काठाची ठेवणीतली साडी नेसली होती. पुतण्या म्हणाला की तिथे गेल्यावर दवाखान्याचा झगाच घालायचाय. तिने ऐकलं नाही, दारातून आत जाईपर्यंत तरी माणसासारखं दिसावं म्हणाली. सुनेने वणीच्या देवीची ओटी बोलून तिच्या कपाळाला कुंकू लावलं. कोनाड्यात संस्कृतच्या बातम्या चालू होत्या. त्या बातम्यांना जाऊबाई रोज हात जोडते. तिला वाटतं कुठेतरी पूजा चाललीय, आणि मलाही त्यातलं काही कळत नसल्याने मी तिला चूक ठरवू शकत नाही.

मी रेडिओकडे बघून म्हणाले, "बाबा, माणसांनी नीट जावं आणि नीट परत यावं."

एरवी उलट उत्तर आल्याशिवाय राहायचं नाही. माणसं काय कायमची चाललीत का रे बाबा, असं काहीतरी. त्या दिवशी मात्र ती पायऱ्यांकडे बघत उतरली, गाडीत बसली आणि गाडी डांबरी रस्त्याला लागली.

मग माझा दिवस सुरू झाला. पुतण्या फोन करणार होता, तो सुनेच्या मोबाईलवर. मी स्वतः का नाही केला, असं विचाराल तर त्यात एक अडचण होती. मी त्याला फोन केला असता तर तो म्हणाला असता, काकू, घ्या आईशी बोला. आणि दवाखान्यात रेडिओ कुठून आणायचा?

तेव्हा मी कोनाड्यासमोर ठाण मांडून बसले आणि लागेल ते ऐकलं. आरोग्याचा कार्यक्रम लागला तशी मी सावरून बसले, आज हृदयाचंच काही सांगणार म्हणून. तर डॉक्टरीणबाईंनी गुडघे काढले. गुडघ्यांची वाटी, गुडघ्यांचं वंगण, गुडघ्यांचा व्यायाम. मला हायसंही वाटलं आणि रागही आला. मग शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात हिमाचलचे सफरचंदवाले आले. त्यांच्या झाडांना थंडी किती लागते, बर्फ नाही पडला तर फळ कसं धरत नाही, असं सांगत होते. जाऊबाई इथे नेहमी म्हणते की बर्फात काय डोंबलाची शेती. ते वाक्य ठरल्या जागी आलं नाही. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ते मीच मोठ्याने म्हणाले होते, तिच्या आवाजात. सून भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत राहिली.

जेवणवेळेला बेडकांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ आले. जन्मभर बेडूक ऐकले म्हणे. त्यांनी एकेका बेडकाचा आवाज काढून दाखवला. एक बेडूक मादीला हाक मारतो तो, एक बेडूक दुसऱ्याला हाकलतो तो. ताटातली बाजरीची भाकरी तशीच राहिली. सून म्हणाली, आत्या, जरा बंद करू का, डोकं दुखेल तुमचं. मी म्हणाले, हात लावू नकोस. का ते नाही सांगितलं. तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, पण मी सरळ सांगितलेलं वाक्य शोधायला गेलात तर तुम्हाला बरंच मागे जावं लागेल.

दुपारी अर्थशास्त्रज्ञ बसले. तिघं होते की चार, कळेना, कारण सगळे एकदम बोलत होते. त्यांना आमच्या ओट्यावर आणून बसवायला हवं, बोलण्याची पाळी म्हणजे काय ते कळेल. त्यांच्यामागून नाटक लागलं. नाटकात एक आजी होती आणि ती पहिल्याच प्रवेशात खोकली. रेडिओच्या नाटकात जो खोकतो तो शेवटपर्यंत टिकत नाही, हे इतकी वर्षं ऐकून मला पाठ झालंय. बंद करायची सोय नाही आणि ऐकवत नाही. शेवटी मी आतून मोठं पातेलं आणलं आणि रेडिओवर उपडं घातलं. आत आजी खोकत राहिली, पण विहिरीत खोकल्यासारखी. तेवढ्यात भीती वाटली की बांधापलीकडे आवाज पोचला नाही तर लोक काय समजतील? पातेलं काढलं आणि आवाज होता त्याच्या दुप्पट केला. आजी गेली. मी रेडिओला जे बोलले ते इथे लिहीत नाही, नात वाचेल.

फोन नाही. सुनेने दोनदा लावून पाहिला तर तो लागेना. दवाखान्यात आत फोन बंद ठेवायला सांगतात, असं ती म्हणाली. ते खरं असेलही, पण तिच्या हातातल्या मेथीच्या काड्या पानांत पडत होत्या आणि पानं काड्यांत.

उन्हं कलली तशी मी टोपली घेऊन शेवंतीत उतरले. सकाळच्या बाजारासाठी फुलं संध्याकाळीच तोडावी लागतात. फुलांना कुणाच्या नळ्यांचं काही नसतं. शिवाय हातांना काम दिलं की डोकं जरा कमी चालतं. रेडिओवर हॉकीचा सामना लागला होता, त्याचं वर्णन मळ्यात स्वच्छ ऐकू येत होतं. जाऊबाईने हॉकी कधी डोळ्यांनी बघितलेली नाही. चेंडू केवढा असतो तेही तिला माहीत नाही. पण सांगणाऱ्याचा आवाज चढायला लागला की ती ओट्याची कड घट्ट धरते आणि आपण जिंकलो की लगेच आत जाऊन देवापुढे साखर ठेवते. मी फुलं तोडत होते आणि ऐकत होते. आपली पोरं चेंडू घेऊन पुढे निघाली होती, सांगणाऱ्याचा श्वास अडकला होता, एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने...

आणि रेडिओ बंद झाला.

पहिल्यांदा वाटलं, वीज गेली. पण हा रेडिओ चार्ज केलेला, त्याला विजेचं काय? मी उभी राहिले. कावळ्यांचा आवाज येत होता, लांब रस्त्यावरच्या गाड्यांचा येत होता. घराकडून काहीच येत नव्हतं. माझे हात आपले फुलं तोडतच होते. नंतर टोपलीत पाहिलं तर कच्च्या कळ्याच जास्त निघाल्या.

बांधापलीकडची शेजारीण पालकाच्या वाफ्यात बसली होती. ती हळूच उठली. हाताची माती लुगड्याला पुसली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. म्हणजे तिनेही ऐकलं होतं. बांध ओलांडून माझ्याजवळ आली, माझ्या हातातली टोपली काढून घेतली आणि एवढंच म्हणाली, "चला बाई. मी येते संगं."

मळ्यातून घरापर्यंत वाट ती किती, रोज पायाखालची. त्या वाटेवर मला काही मोठं सुचलं असं नाही. देव आठवला नाही, तिचे उपकार आठवले नाहीत. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की थोरलीला तोंडावर बोललेलं माझं शेवटचं वाक्य "सरकार खोटं बोलतं का, बाई" हे आहे. त्याच्यानंतर तिच्याशी बोललेलं एक अक्षर मला आठवत नाही. सगळं बाबाला सांगितलं. आता ते वाक्य तसंच राहणार, आणि वाक्य तरी कसलं, तर त्या मॅट्रिक झालेल्या आगाऊ पोरीचं. तिला शोधून दोन कानाखाली द्याव्यात असं वाटलं, पण ती माझ्यातच बसलेली, मारणार कुठे?

आम्ही घराच्या कोपऱ्याला वळलो. सून ओट्यावर पाठमोरी उभी होती, एक हात कानावर दाबलेला आणि मान खाली. शेजारणीला तेवढं पुरलं. तिने पायरीवर बसकण मारली आणि गळा काढला. अगं माझ्या थोरल्या बाई, अशी तिने सुरुवात केली, आणि ती जुन्या वळणाची बाई असल्यामुळे आवाज गंगापूर धरणापर्यंत जावा असाच होता.

सून दचकून वळली. तिच्या हातात मोबाईल होता आणि ती हसत होती. म्हणजे हसत होती, डोळ्यांतून पाणीही येत होतं. गडबडीत तिला माहेरचीच बोली सुचली. "आत्या, मोठ्या आत्यांना फोन शे!"

मोठ्या आत्यांचा फोन आहे, एवढं समजायलाही मला क्षणभर लागला. मग ती भराभर सांगायला लागली. एकच नळी अडली होती, ती फुग्याने उघडली, छाती उघडायची वेळ आली नाही, डॉक्टर म्हणाले की सगळं छान झालं. फोन आला तेव्हा त्या हॉकीवाल्याच्या ओरडण्यात काही ऐकू येईना, म्हणून रेडिओ बंद केला. मी पायरीवर शेजारणीच्या शेजारी बसले. शेजारणीचं रडणं अर्ध्यात थांबलं होतं, तिला ते पुरं करावं की गिळावं समजेना.

पण ते तोवर फोनमधून पलीकडे पोचलं होतं. मोबाईलमधून जाऊबाईचा आवाज येत होता, कापरा, पण चांगला खणखणीत. रडतंय कोण, असं ती विचारत होती. रेडिओ का बंद हाय, आपल्या घरात काय झालं, कोण गेलं, मला का सांगत नाय कुणी? सुनेला काही बोलूच देईना. शेवटी सुनेने फोन माझ्या कानाला लावला आणि माझा नुसता श्वास ऐकून तिकडून प्रश्न आला.

"धाकटे? तू हायेस ना गं?"

मी सवयीने कोनाड्याकडे बघितलं. बाबा, सांगा म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. पण बाबा बंद. त्याच्या तोंडून काय सांगायचं? ओट्यावर सून, शेजारीण आणि मी, आणि फोनमध्ये ती थेट.

"आहे मी, बाई," मी म्हणाले. "तुम्ही आहात ना?"

"मग बोलतंय कोण, माझं भूत?"

मला हसू फुटलं. ते इतक्या खालून आलं की बरगड्या दुखल्या. शेजारणीलाही हसू आलं, ती तोंडात पदर कोंबून हसायला लागली, आणि सून आम्हा दोघींकडे अशी बघत होती की आता यांनाही दवाखान्यात न्यावं लागतंय की काय. तिला रेडिओ बंद होण्याचा अर्थ मग शेजारणीने सांगितला. बिचारी पांढरी पडली. मी तिला जवळ घेतलं, चूक तिची नव्हती. फोनवर जाऊबाईचं चालूच होतं. आधी तो रेडिओ लाव, आख्खी वस्ती जमा होईल, म्हणाली. ती म्हणेपर्यंत झालीच होती. कोपऱ्यावरून डोक्यावर पदर घेतलेल्या बायका आणि टोप्या काढून हातात घेतलेले पुरुष येत होते. सुनेने धावत जाऊन रेडिओ लावला. आवाज मी मघाशी दुप्पट करून ठेवलेला, त्यामुळे तो एकदम गर्जला. येणारी माणसं जागच्या जागी थबकली आणि मग एकमेकांची तोंडं बघायला लागली.

"आवाज कमी कर गं," जाऊबाई फोनवर म्हणाली. "मला तुझं ऐकू येईना."

जमलेल्या सगळ्यांसाठी चहा टाकावा लागला. चहा पितानाही निम्मे लोक मला बोल लावत होते की रेडिओ असा भलत्या वेळी बंद करतात का. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्या दिवशी कुणी मला वाटेल ते बोललं असतं तरी मी आणखी साखर हवी का म्हणून विचारलं असतं. हॉकीत आपण जिंकलो की हरलो, ते कुणालाच कळलं नाही. तरी सुनेने देवापुढे साखर ठेवली.

जाऊबाई घरी आली तेव्हा पुतण्याने तिला धरून पायऱ्या चढवल्या. ती आपल्या टोकाला बसली, मी माझ्या. दोघीही नव्या नवरीसारख्या अवघडून. फोनवर बोलणं सोपं होतं, तोंड दिसत नव्हतं. संध्याकाळच्या बातम्या लागल्या. मी दोनदा घसा साफ केला. तिने पदराचा काठ तपासला. शेवटी मी विचारलं की दवाखान्यात जेवायला काय देत होते, बाई.

हा प्रश्न विचारायला नको होता, किंवा फार आधी विचारायला हवा होता. तिकडची खिचडी अळणी, डाळ कच्ची, वर तूप नाही, आणि देणारी पोरगी विचारते कशी, आजी, छान आहे ना? जाऊबाई माझ्याकडे वळून, माझ्या डोळ्यांत बघून, हातवारे करत त्या खिचडीबद्दल बोलत राहिली. मी मधे मधे फोडणीचं काहीतरी विचारून तिला आणखी पेटवत होते. बातम्या संपल्या, हवामान येऊन गेलं, आणि देशात कुठे पाऊस पडणार होता ते आम्हाला दोघींनाही कळलं नाही.